लेबलवर लिपाट्टी, पियानोवर भलतंच कुणी

रुमानियन पियानोवादक डिनू लिपाट्टी १९५० साली अवघ्या ३३व्या वर्षी गेले. मागे ध्वनिमुद्रणं मोजकीच. त्यामुळे १९६०च्या दशकात ईएमआय कंपनीने त्यांच्या नावाने शोपँच्या पहिल्या पियानो कन्चेर्टोची तबकडी काढली, तेव्हा रसिक हरखले. वाद्यवृंद कोणता, संचालक कोण, याचा मात्र तबकडीवर पत्ता नव्हता. तिथेच कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती!

१९८१ मध्ये बीबीसीने ही तबकडी ऐकवली. आधीच मुद्रित झालेल्या संगीताचा निवेदक वेष्टणावर छापलेलंच सांगणार. तेच चुकीचं असेल तर चूकही ठणठणीत आवाजात प्रसारित होते. पण एका श्रोत्याचे कान टवकारले. हे वादन त्याने दुसऱ्याच नावाने ऐकलं होतं. तपासणीत दोन्ही मुद्रणं एकच निघाली. पियानोवर होत्या पोलंडच्या हालिना चेर्नी-स्टेफान्स्का, साथीला चेक फिलहार्मोनिक आणि संचालक वात्स्लाव स्मेताचेक. प्रागच्या सुप्राफोन कंपनीने हे मुद्रण कधीच बाजारात आणलं होतं. बरं, हालिनाबाई काही अनोळखी नव्हेत; १९४९च्या वॉर्सातील शोपँ स्पर्धेत त्यांना पहिलं पारितोषिक विभागून मिळालं होतं. तरीही इतकी वर्षं समीक्षक त्यांच्या बोटांत लिपाट्टी ऐकत राहिले.

लिपाट्टींनी वाजवलेला खरा कन्चेर्टोही पुढे हाती लागला: झुरिकमधल्या फेब्रुवारी १९५०च्या मैफलीतला, ओटो आकरमान यांच्या संचालनाखालचा. आवाजाचा दर्जा यथातथाच, पण वादक नक्की तेच.