रुळांखालची चिकणमाती

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याने गोथेनबर्गहून दक्षिणेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर 1997 साली एक्स-2000 ही शीघ्रगती गाडी धावू लागली, तेव्हा लेडस्गार्ड येथे असे आढळून आले की, जो भराव ताशी 70 किलोमीटरांनी जाणारी गाडी निमूट वाहून नेई, तोच वेग 200 च्या घरात जाताच सेंटीमीटरभर खालीवर होऊ लागे. वजन तेच, रूळ तेच; फरक केवळ वेगाचा. तळच्या सेंद्रिय गाळातून कंपलहरी सेकंदाला सुमारे 40 मीटरच पुढे सरकतात, आणि गाडी त्यांच्याही पुढे पळू लागली म्हणजे होडीच्या नाळेपाशी पाणी उचलावे तशी जमीन उचलली जाते.

हिमयुगानंतर समुद्रतळ वर आला आणि त्यावर साचलेली चिकणमाती या मुलुखाच्या वाट्यास आली. कोकणच्या खाजणात ज्याचा पाय एकदा रुतला आहे, त्याला तिचा स्वभाव वेगळा सांगावयास नको. 1918 च्या 1 ऑक्टोबरला नॉरशॉपिंगजवळ येटो येथे भराव खचून गाडी कोसळली आणि चाळिसांहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी रेल्वेखात्याने वोल्मार फेलेनियस यांच्या अध्यक्षतेखाली 1914 पासून नेमलेले भूतंत्र कमिशन अशाच दरडींच्या तपासात गुंतले होते. त्याचा अंतिम अहवाल 1922 साली सादर झाला, आणि 60 ग्रॅम वजनाचा शंकू मातीवर सोडून तो किती रुततो यावरून तिचे बळ जोखण्याची जॉन ओल्सन यांची साधी युक्ती त्याच कामातून पुढे आली.

रोग ओळखला गेला. उपचार मात्र 1967 च्या सुमारास क्येल्ड पाउस यांनी सुचविला. माती उपसून टाकावयाची नाही, तिच्यातून कातळापर्यंत खांबही ठोकावयाचे नाहीत. फिरते पाते खोल उतरवावयाचे आणि ते उलटे फिरवीत वर आणताना दाबलेल्या हवेबरोबर चुन्याची कोरडी भुकटी जागच्या जागी कालवावयाची. पुढे चुन्याच्या जोडीला सिमेंट आले. चुना मातीतले पाणी पिऊन ऊन होतो आणि तिचे कण गोळा करतो. सिमेंट त्यांना बांधते. घनमीटरामागे साधारणतः 80 ते 120 किलो मिश्रण पुरते, आणि हात-दीड हात व्यासाचा, माती व दगड यांच्या मधल्या जातीचा एक स्तंभ तयार होतो.

या स्तंभांचे गुणगान करणारे त्यांचा एक दोष हळूच वगळतात, तो येथे नोंदविलेला बरा: दाब ते सोसतात, परंतु ताण पडला की तुटतात, म्हणून उतारावर सुटा स्तंभ फारसा कामाचा नाही, त्यांना परस्परांत घुसवून भिंतीच कराव्या लागतात. शिवाय सेंद्रिय गाळात सिमेंट नीट धरत नाही, आणि खाली काय शिजले आहे ते डोळ्यांना दिसतही नाही; पंखांची सळई स्तंभातून दाबीत नेऊन, तिला किती अडथळा होतो यावरूनच परीक्षा होते.

लेडस्गार्डला 2000 साली रुळांखाली अशाच चुना-सिमेंटच्या भिंती उभारण्यात आल्या, आणि ज्या वेगाला ती जमीन लाटेसारखी उठत असे, त्या वेगाने गाड्या जाऊ लागल्या तरी पुढे ती जवळजवळ स्थिरच राहिली.