वेतनातील तफावत आणि कंपनीची कार्यक्षमता

एकाच कंपनीतील कर्मचाऱ्यांच्या वेतनात किती अंतर असावे, या प्रश्नाला अर्थशास्त्रात परस्परविरोधी उत्तरे मिळतात. एडवर्ड लाझिअर व शर्विन रोझेन यांच्या १९८१ मधील मांडणीनुसार वरच्या पदाचे वेतन हे स्पर्धेतील बक्षिसासारखे असते; अंतर जितके मोठे, तितकी ते मिळविण्याची धडपड अधिक. मात्र १९८९ मध्ये लाझिअर यांनीच या विचाराला मुरड घातली. सहकाऱ्याच्या कामात खोडा घालूनही पुढे जाता येते. त्यामुळे जेथे काम परस्पर साहाय्याने चालते, तेथे अंतर मर्यादित ठेवणेच कंपनीच्या हिताचे ठरते. जॉर्ज अकरलॉफ व जॅनेट येलेन यांच्या मते (१९९०), न्याय्य वाटणाऱ्या वेतनापेक्षा कमी मिळाल्यास कामगार त्या प्रमाणात हात आखडता घेतो.

या संदर्भात ओडिशातील एक प्रयोग उद्बोधक आहे. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर व योगिता शामदासानी यांनी त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. ३७८ कामगारांना तिघातिघांच्या गटांत विभागून सुमारे महिनाभर वस्तू-उत्पादनाचे काम देण्यात आले. काही गटांत तिघांची रोजंदारी समान होती, तर काहींत ती सुरुवातीच्या उत्पादकतेच्या क्रमाने कमी-अधिक होती. त्यामुळे तेवढीच रोजंदारी घेणारा कामगार दोन्ही प्रकारच्या गटांत कसा वागतो, याची तुलना शक्य झाली. असमान गटांत उत्पादन घटले, हजेरीही घटली. गैरहजेरी म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणे. म्हणजेच कामगारांनी पदरचे नुकसान सोसून नाराजी व्यक्त केली. हा परिणाम पुढील आठवड्यांत अधिकच तीव्र झाला. मात्र सहकारी आपल्यापेक्षा किती अधिक काम करतो हे जेथे उघड दिसत होते, तेथे असा परिणाम आढळला नाही. तेव्हा तफावतीपेक्षा तिचे कारण दिसणे निर्णायक ठरते.

नेमके हेच कार्यालयीन कामात कठीण असते. दोर किंवा झाडू मोजता येतात. अहवाल, सल्ला वा ग्राहकाशी झालेले बोलणे कसे मोजणार? कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १९७(१२) नुसार सूचिबद्ध कंपन्यांना प्रत्येक संचालकाच्या मोबदल्याचे कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाशी असलेले गुणोत्तर जाहीर करावे लागते. भागधारकांना ते उपयुक्त आहे. परंतु शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला अधिक वेतन का, याचा उलगडा त्या गुणोत्तरातून होत नाही. तो विभागप्रमुखालाच करावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी वेतन हा गोपनीय विषय मानला जातो.