देवाशी एकरूप व्हाल. माणसाशी केव्हा होणार?

सकाळी टीव्ही लावला की कोणत्या ना कोणत्या वाहिनीवर एखादे बाबा, बापू किंवा माताजी उच्चासनावर बसलेले असतात. समोरच्या हजारोंना ते एकच गोष्ट सांगत असतात, 'तुम्ही देवापासून वेगळे नाही. साधना करा, नाम घ्या, तुम्ही त्याच्यात विलीन व्हाल.' समोरचे लोक डोळे मिटून माना डोलावतात. त्यांनी खुशाल डोलावाव्यात. राज्यघटनेने त्यांना उपासनेचे स्वातंत्र्य दिले आहे. आमची काळजी निराळी आहे. त्या गर्दीत आता आमचीही माणसे दिसू लागली आहेत. ज्यांच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांच्या मुखातून बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांची शिकलेली, नोकरीत स्थिरावलेली नातवंडे त्या मंडपात बसतात. विचारले तर म्हणतात, 'आम्ही मूर्ती पूजत नाही. हे अध्यात्म आहे. इथे जात नाही, सारे एकच आहेत.'

सारे एकच आहेत! वाक्य कानाला गोड लागते. म्हणूनच ते पारखून घेतले पाहिजे.

माणूस आणि ब्रह्म एकच आहेत, हे उपनिषदांनी फार पूर्वी सांगितले. बृहदारण्यक आणि छांदोग्य उपनिषदांतील महावाक्यांचा अर्थ तोच लावला जातो. त्यावर आद्य शंकराचार्यांनी अद्वैताची इमारत उभी केली. जगात दोन काही नाहीच, जे आहे ते एकच ब्रह्म आहे, असा तो सिद्धांत. मग प्रश्न असा की, या सिद्धांताच्या देशात विहिरी दोन का? स्मशाने दोन का? गाव आणि गावकुसाबाहेरची वस्ती अशी दोन का?

उत्तर शंकराचार्यांच्याच ग्रंथात आहे. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात त्यांनी शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही असे ठामपणे मांडले, आणि वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे व लाख ओतावी, हे स्मृतिवचन आधारादाखल पुढे केले. म्हणजे सर्वांभूती एकच ब्रह्म आहे, पण ही बातमी शूद्राच्या कानावर मात्र पडता कामा नये! हे कसे जमते? त्यासाठी सत्याचेच दोन भाग केले. पारमार्थिक पातळीवर सारे एक, व्यवहारात मात्र ज्याचे त्याचे वर्ण आणि ज्याची त्याची पायरी. एकता आकाशात ठेवली आणि विषमता जमिनीवर. आकाशातल्या एकतेने कोणाचीही तहान भागत नाही. म्हणून तर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले.

शंकराचार्यांची एक कथा भक्तमंडळी मोठ्या प्रेमाने सांगतात. काशीत वाटेवर एक चांडाळ आडवा आला. आचार्यांनी त्याला बाजूला व्हायला सांगितले. चांडाळाने विचारले, बाजूला कोणी व्हायचे? देहाने की आत्म्याने? देह सर्वांचे सारखेच अन्नाचे बनलेले, आणि आत्मा तर एकच म्हणता. आचार्य निरुत्तर झाले आणि त्यांनी त्याला वंदन केले. कथा इथे संपली असती तर आम्हीही तिला वंदन केले असते. पण ती पुढे सांगते की, तो चांडाळ नव्हताच, साक्षात शिव वेष पालटून आला होता. पाहिलेत? एवढा बिनतोड प्रश्न विचारणारा माणूस चांडाळ असू शकतो, हे कथेलाही सोसवले नाही. आचार्यांचे मस्तक झुकले ते देवापुढे. चांडाळ होता तिथेच राहिला.

दुसरी कथा तामिळनाडूतील नंदनारची. अस्पृश्य समाजातला हा शिवभक्त चिदंबरमच्या नटराजाच्या दर्शनासाठी व्याकूळ झाला होता. बाराव्या शतकातील पेरियपुराणम् सांगते की, त्याला आत जाण्यासाठी अग्नीतून जावे लागले. अग्नीत त्याचा तो देह गेला आणि यज्ञोपवीत धारण केलेला तेजस्वी मुनी बाहेर आला. मग तो गाभाऱ्यात शिरला आणि देवात विलीन झाला. देवाशी एकरूप होण्याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते हवे? अट एवढीच की, आधी आपले अस्पृश्यपण, म्हणजे आपला जन्म, आपले आईबाप, आपली कातडी जाळून यायची आणि जानवे घालून आत जायचे.

आपल्याकडे चोखोबा झाले. चौदाव्या शतकातले मंगळवेढ्याचे हे संत. गावकुसाच्या बांधकामावर राबताना कूस कोसळून ते मेले. नामदेवांनी त्यांची हाडे पंढरपुरास नेली, त्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होते, असे परंपरा सांगते. ज्याच्या हाडांतही विठ्ठल भिनला होता, त्याची समाधी कोठे आहे? देवळाबाहेर, महाद्वाराच्या पायरीशी. आणि त्याच्या समाजाला त्या देवळात पाऊल ठेवायला १९४७ साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावल्यावर. सहाशे वर्षे लाखो वारकरी चोखोबांचे अभंग गात त्या पायरीवरून आत गेले आणि चोखोबांचे भाऊबंद बाहेर उभे राहिले.

या संतांविषयी आमच्या मनात तसूभरही अनादर नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्याच स्मृतीस अर्पण केला, हे आम्ही जाणतो. त्यांची भक्ती खोटी नव्हती. खोटे होते ते त्यांना दिलेले आश्वासन. देवाशी एक झालास की सारे मिळेल, असे त्यांना सांगितले गेले. मिळाली ती पायरी.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचा किती बारकाईने विचार केला होता, हे त्यांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये दिसते. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली तो प्रसिद्ध केला तेव्हा राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून गदारोळ झाला. ब्रह्मावरचे प्रकरण मात्र फारसे कोणी वाचलेच नाही. बाबासाहेब तिथे ब्रह्मसिद्धांताची टिंगल करीत नाहीत. उलट, तू आणि मी एकाच तत्त्वाचे अंश आहोत हे खरोखर मानले तर लोकशाहीला याहून भक्कम पाया नाही, अशी कबुली ते देतात. आणि मग विचारतात, असा सिद्धांत हाती असताना नवा समाज का जन्मला नाही? त्यांचे उत्तर असे की, ब्रह्माला कोणी धर्माचा, म्हणजे रोजच्या वागण्याचा पाया केलेच नाही. ते तत्त्वज्ञान म्हणून पोथीत राहिले.

तथागतांपुढे हाच प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी आला होता. कोसल देशात मनसाकट नावाच्या गावाजवळ वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण ब्रह्माशी एकरूप होण्याचा सरळ मार्ग कोणता यावर वाद घालत त्यांच्याकडे आले. दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात तो संवाद आहे. तथागतांनी विचारले, तुमच्यापैकी कोणी ब्रह्माला पाहिले आहे का? तुमच्या गुरूंनी? गुरूंच्या गुरूंनी? सात पिढ्यांपर्यंत कोणी? प्रत्येक वेळी उत्तर आले, नाही. मग हे म्हणजे आंधळ्यांची रांगच झाली. पुढच्याला दिसत नाही, मधल्याला नाही आणि शेवटच्यालाही नाही. महाल कोठे आहे हे ठाऊक नसताना चौकात जिना बांधणाऱ्यासारखी ही गोष्ट आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात, अधम्म काय हे सांगताना, ब्रह्माशी एकरूपतेवर आधारलेला धम्म खोटा ठरवला तो याच विचाराने.

पण तथागत त्या तरुणांना रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. ब्रह्माचा मार्ग विचारता ना? मग मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांनी आपले मन भरा आणि ते चारी दिशांना, सर्व प्राण्यांपर्यंत पसरू द्या. शब्द त्यांचाच ठेवला, ब्रह्मविहार. दिशा मात्र बदलली. वर आकाशाकडे लागलेली नजर त्यांनी शेजारच्या माणसाकडे वळवली. आणि सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात हेच दोघे जन्माने ब्राह्मण की कर्माने असा वाद घेऊन येतात तेव्हा तथागत सांगतात की, गवत, किडे, पक्षी, मासे यांच्यात जन्मजात वेगळ्या खुणा आहेत, माणसामाणसांत तशा नाहीत. माणसाची जात एकच. एकरूपतेचा खरा सिद्धांत हा आहे. त्याला कोणाची साक्ष लागत नाही; डोळे उघडे असले की पुरे.

म्हणून सत्संगाच्या मंडपात बसणाऱ्या आमच्या भावंडांना आम्ही एवढेच सांगू, त्या मंडपातील एकता एकदा घरी आणून पाहा. शेजारी डोळे मिटून बसलेल्याला तुमचे आडनाव सांगा. त्याच्या सोसायटीत भाड्याने घर मागा. तुमच्या मुलासाठी त्याच्या मुलीला मागणी घाला. ब्रह्म एक आहे की दोन, हे त्याच दिवशी कळेल.

आणि थोडे आमच्याही घराकडे पाहू. देव सोडला असे म्हणत आम्ही बाबासाहेबांच्या तसबिरीला नवस बोलू लागलो, तर गाभारा तोच राहिला, फक्त मूर्ती बदलली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती हा अधःपतनाचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग असल्याचा इशारा दिला होता. तो त्यांच्या अनुयायांनाही लागू आहे. आमच्यातल्या पोटजाती आजही लग्नाच्या बोलणीत जाग्या होतात. नोकरीवाला भाऊ झोपडपट्टीतल्या भावाला ओळख देत नाही. विहारात त्रिशरण एका सुरात म्हणतो, बाहेर आलो की गट वेगळे, निशाणे वेगळी. शेजाऱ्याला घातलेली कसोटी आम्हांलाही चुकणार नाही.

माणूस देवाशी एकरूप होऊ शकतो का, याची चर्चा ज्यांना करायची त्यांनी करावी. आम्हांला तो जिना बांधायचा नाही. आमचा प्रश्न सोपा आहे आणि म्हणूनच अवघड आहे. माणूस माणसाशी एकरूप होऊ शकतो का? बाबासाहेबांनी त्याला बंधुता हे नाव दिले आणि ते संविधानाच्या उद्देशिकेत लिहून ठेवले. ते जगून दाखवणे आपल्या हाती आहे.

जय भीम!