अमेरिका एवढी मोठी कशी?

देश श्रीमंत असणे आणि त्याची अर्थव्यवस्था मोठी असणे या दोन गोष्टींची आपण सर्रास गल्लत करतो. दरडोई उत्पन्नात स्वित्झर्लंड, नॉर्वे, लक्झेंबर्ग अमेरिकेच्याही पुढे आहेत. पण जगाच्या अर्थकारणात त्यांचे वजन ते किती! 2023 साली अमेरिकेचे देशांतर्गत उत्पादन 27 लाख कोटी डॉलरच्या वर होते, तर जर्मनी आणि जपान यांचे प्रत्येकी चार ते साडेचार लाख कोटी. लोकसंख्येने या तफावतीचा एक भागच उलगडतो. जपानच्या पावणेतीनपट माणसे असताना उत्पादन सहापटीहून जास्त कसे? येन घसरल्यामुळे दरी जरा फुगून दिसते, हे खरे. तरीही ती उरतेच.

या दरीचे मूळ मला अमेरिकेच्या 1787 च्या राज्यघटनेत दिसते. तोवर तिथली राज्ये एकमेकांच्या मालावरही कर बसवू शकत होती. घटनेने राज्यांचा आयात-निर्यातीवर जकात लावण्याचा अधिकार काढून घेतला आणि आंतरराज्य व्यापार संसदेच्या हाती दिला. 1824 साली याच तरतुदीच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याने दिलेला आगबोटींचा मक्ता मोडून काढला. 1869 मध्ये पूर्व-पश्चिम लोहमार्ग जोडला गेला. मग शिकागोच्या कारखानदाराला दोन्ही महासागरांपर्यंतचे गिऱ्हाईक मिळू लागले, तेही एकाच चलनात आणि वाटेत एकही सीमा न ओलांडता. एवढा खप असेल तरच प्रचंड यंत्रसामग्री परवडते, आणि तिच्यामुळे दर कामगारामागे उत्पादन वाढते.

यावर कोणी म्हणेल, हे सारे मूळ रहिवाशांच्या बळकावलेल्या जमिनी, गुलामांचे श्रम, महायुद्धे आणि डॉलर यांचे फळ आहे. पहिल्या दोन गोष्टी नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मात्र ब्राझीलकडेही अफाट जमीन होती आणि तिथे गुलामगिरी 1888 पर्यंत चालली; तो देश काही अमेरिका झाला नाही. युद्धांचा आणि डॉलरचा मुद्दा तर सनावळीतच अडकतो. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच अमेरिकेने ब्रिटनला मागे टाकले होते. डॉलरला जागतिक व्यवस्थेत मध्यवर्ती स्थान देणारा ब्रेटन वुड्सचा करार 1944 चा.

युरोपीय संघाचे उदाहरण अधिक अडचणीचे आहे. 45 कोटी लोक, 1993 पासून एकल बाजारपेठ, तरीही अमेरिकेपेक्षा लहान अर्थव्यवस्था. पण तिथे माल मोकळा झाला, तेवढे भांडवल आणि सेवा झाल्या नाहीत. 24 अधिकृत भाषा आणि प्रत्येक देशाचे वेगळे करकायदे अजून आहेतच. कागदावरची एकी पुरत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. भारतीय घटनेचे कलम 301 देशभर व्यापार मुक्त असल्याचे सांगते, तरी मुंबईच्या जकात नाक्यांवर ट्रकच्या रांगा 2017 पर्यंत लागत होत्या. अर्थात 140 कोटींच्या बाजारात खरेदीची ऐपतही हवी, आणि ती शिक्षण नि उत्पादकतेतूनच येते. नाके मात्र सरकारच्या निर्णयाने उठतात. 2017 मध्येच आलेल्या वस्तू व सेवा कराने ते बऱ्याच अंशी उठवले. पेट्रोल, डिझेल आणि मद्य अजून त्याच्या बाहेरच आहेत.