लेक दिली दर्याकाठी

"पान्यावरच्या मानसाले पोरगी देऊन राह्यली का वं?"

माझ्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा शेजारच्या काकूंनी मला तोंडावर हा प्रश्न विचारला होता. त्यांचंही काही चुकलं नाही. आमचं कामरगाव वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातलं. इथं कपाशी, तूर आणि सोयाबीन. मोठं पाणी म्हणून आम्ही पाहिलं ते अडाण धरणाचं! आणि जावई मिळाले ते नौदलातले. लग्नानंतर वर्षभरानं त्यांना नेव्हीनगरला घर मिळालं आणि लेक मुंबईला गेली.

गेल्या थंडीत तिला सातवा महिना लागला, आणि नेमकं तेव्हाच जावयांचं जहाज बाहेर जायचं ठरलं. किती दिवस? ते सांगायचं नसतं म्हणे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यातून पोर एकटी! मी घरची तूरडाळ बांधली, ओटीचं सामान घेतलं आणि मूर्तिजापूरला गाडीत बसले. तिला बरोबर घेऊनच परतायचं, असं घरी सांगून निघाले होते.

पहिल्याच रात्री लेक म्हणाली, "आई, तू न्यायला आलीस हे ठाऊक आहे मला. पण मी राहते कुठं ते आधी नीट बघ. मग काय ते बोल."

पोळपाटावरची मुंबई

तिनं पोळपाटावर पीठ पसरलं आणि बोटानं नकाशा काढला. मुंबई मूळची सात बेटांची. माहीम, वरळी, परळ, माझगाव, मुंबई, धाकटा कुलाबा आणि शेवटी कुलाबा. मधल्या खाड्या बुजवत बुजवत त्यांचं एक शहर झालं. दक्षिणेकडे ते निमुळतं होत जातं आणि अगदी टोकाला कुलाबा. 1838 साली रस्ता बांधला गेला, तोवर इथं यायचं तर होडीनं, नाहीतर ओहोटी पाहून पायी. कॉजवे म्हणतात तो हाच रस्ता. आज तिथं चपला-बांगड्यांची दुकानं आहेत!

"पश्चिमेला उघडा समुद्र," लेक सांगत होती, "आणि पूर्वेला समोर जमीन. म्हणून पूर्वेचं पाणी शांत आणि खोल. साऱ्या गोद्या त्याच बाजूला."

एवढं कळलं आणि चार दिवसांत पाहिलेलं सगळं आपापल्या जागी बसलं. वर माझगाव, जिथं लढाऊ जहाजं बांधतात. खाली भाऊचा धक्का, मग बॅलार्ड पियर. त्यानंतर नौदलाची गोदी, तिचं दार म्हणजे लायन गेट. पुढे गेटवे, ससून डॉक, आणि शेवटी नेव्हीनगर. एका बाजूनं सरळ रांगेत उतरत जायचं.

लायन गेटच्या आत

जावई रोज सकाळी लायन गेटमधून आत जातात. आपल्याला बाहेरूनच नमस्कार! पण त्या भिंतीमागची हकीकत लेकीला पाठ आहे. 1736 साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर इथं आले. 1750 साली पहिली सुकी गोदी झाली. सुकी गोदी म्हणजे जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं आणि मग त्याचं पोट दुरुस्त करायचं. इथं सागवानाची जहाजं बनत. 1817 साली बांधलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. दोनशे वर्षं टिकलेलं लाकूड! आपल्या घरचं कपाट दोन पावसाळ्यांत फुगतं. शेजारीच नौदलाचं 'आंग्रे' हे ठाणं आहे. 1951 साली त्याला कान्होजी आंग्र्यांचं नाव दिलं.

कुलाब्यातच 'तलवार' नावाचं ठाणं होतं. 18 फेब्रुवारी 1946 रोजी तिथल्या नाविकांनी निकृष्ट जेवणाविरुद्ध अन्न नाकारलं, आणि त्यातून ब्रिटिशांविरुद्ध उठाव पेटला. शहरातल्या लोकांनी गेटवेवर नाविकांसाठी डबे आणून दिले. गोळीबारात परळला कमल दोंदे ही कार्यकर्ती गेली. वाईट वरणभातापासून सुरू झालेली गोष्ट किती दूर गेली पाहा! तेव्हापासून माझ्या पिशवीतल्या तूरडाळीकडे मी जरा आदरानं पाहते.

आमचा कापूस आणि दोन कारंजे

दुसऱ्या दिवशी मात्र मला खरा धक्का बसला. कुलाब्याला एके काळी कापसाचा बाजार भरत असे. 1844 साली तो कोटातून इथं हलवला, आणि 1920 नंतरच्या दशकात शिवडीकडे नेला. कॉटन ग्रीन हे स्टेशनचं नाव त्याचीच खूण. आमच्या मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ मार्गावर शकुंतला रेल्वे घातली, तीसुद्धा वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठीच. आता ती बंद आहे. म्हणजे मी परकी म्हणून ज्या गावाला भीत होते, तिथं आमच्या काळ्या मातीतला कापूस माझ्या आजीच्या काळातच जाऊन पोचला होता!

आणखी एक गंमत. मागे लेकीनं फोनवर सांगितलं होतं, "आज ते करंजाला गेलेत." मी आनंदानं म्हटलं, मग कामरगावला का नाही आले? तालुक्याला येऊन सासऱ्याला भेटले नाहीत, म्हणून आमच्या घरी दोन दिवस धुसफूसही झाली. आता कळलं की बंदराच्या पलीकडे, उरणजवळ, दुसरं करंजा आहे आणि तिथं नौदलाचं ठाणं आहे. भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोऱ्याला लाँच जाते.

त्या रात्री

तिसऱ्या दिवशी जहाज गेलं. लेक रडली नाही. मीच रडले. डिसेंबर 1971च्या लढाईतल्या 'खुकरी'ची गोष्ट मी ऐकून होते. 9 तारखेला दीवजवळ ती बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नाविक गेले. त्यांच्याही बायका अशाच कुठं तरी स्वयंपाकघरात उभ्या असतील. रात्री मी बोलून टाकलं, "बाई, आता चल घरी."

तिनं मला सकाळी बाहेर नेलं. पलीकडच्या मल्याळी बाईंनी वाटेतच इडलीचा डबा हातात दिला. त्यांचे यजमानही त्याच जहाजावर. खालच्या मजल्यावरच्या हरियाणाच्या मुलीनं विचारलं, "दीदी, तुमची तपासणीची तारीख उद्याच ना?" मग आम्ही 'अश्विनी'पाशी पोचलो. नौदलाचं मोठं रुग्णालय, घरापासून अगदी जवळ.

"आई, कामरगावला रात्री कळा सुरू झाल्या तर?"

मी गप्प बसले. कारंजा गाठायचं, आणि काही अडलं तर पुढं अमरावती. रात्रीची ती वाट मी स्वतः जाणते. रीत कशासाठी असते? बाळंतिणीला आईचा हात आणि जिवाला धीर मिळावा म्हणूनच ना? मग आईच इकडे आली तर रीत मोडते कुठं?

मी एकटी परतले. नववा लागताच डिंक, खारका आणि सुंठ घेऊन पुन्हा गेले आणि दोन महिने राहिले. नातीचं पहिलं न्हाणं कुलाब्यात झालं. तिचे बाबा आले तेव्हा ती वीस दिवसांची होती.

नव्यानं जाणाऱ्या मुलींसाठी

* नेव्हीनगरलाच घर मिळेल असं धरून चालू नका. मानखुर्द, कांजूरमार्ग या बाजूंनाही नौदलाच्या वसाहती आहेत. थांबावंही लागतं.
* ओळखपत्र सदैव जवळ हवं. पाहुणे येणार असतील तर आधी चौकशी करून ठेवा.
* जहाज कधी गेलं, कधी येणार, हे फोनवरच्या गटांत लिहू नका. माहेरच्या गटातसुद्धा नाही!
* आपल्याकडच्या कोरड्या हवेत वर्षभर टिकणारी डाळ तिथं पावसाळ्यात ओलसर होते. थोडी थोडी न्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.
* पहिल्या आठवड्यात शेजारच्या चार घरी ओळख करून घ्या. अडीनडीला त्याच धावून येतात.

परवा काकू नातीला पाहायला आल्या. पोर रडायची थांबेना. काकूंनी तिला उचललं आणि म्हणाल्या, "पान्याकाठची हाय, आवाज मोठाच असन."

मग मला हळूच विचारलं, "समुद्र पाह्याले मले कवा नेतं वं?"