परसबाग आणि पाण्याचा जमाखर्च

घराभोंवतीं चार फुलझाडें असावींत, दारांत सावली असावी आणि फोडणीपुरता कढीपत्ता परसांतच मिळावा, ही इच्छा कोणास नसते? परंतु आपल्या जालना जिल्ह्यांत ही इच्छा बहुधा मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर उगवते आणि पुढच्या चैत्रांत करपून जाते. आषाढांत हौसेनें लावलेल्या वीस-पंचवीस रोपांपैकीं वैशाखापर्यंत चार-पांच उरतात. मग ‘आमची माती वाईट’, ‘आमच्या हाताला गुण नाहीं’ असें म्हणून घरचीं माणसें स्वस्थ बसतात. वास्तविक दोष बहुधा मातीचाहि नसतो व हाताचाहि नसतो. बाग आपण पावसाळ्याकडे पाहून लावतों; जगवावी मात्र ती उन्हाळ्यांत लागते.

प्रस्तुत लेखकाचीं बरींच वर्षें महसूल खात्याच्या कारकुनींत गेलीं. त्या कामांतील एक साधा नियम असा कीं, आधीं जमेची बाजू पक्की करावी व मगच खर्चास हात घालावा. हाच नियम परसबागेस लावावा, एवढेंच या लेखाचें सांगणें आहे. ज्या बागेचा पाण्याचा जमाखर्च वैशाखांत जुळतो तीच बाग टिकते, तीच थोड्या कष्टांत राहते, आणि अखेर शोभतेहि तीच.

आपल्याकडील स्थिति

आपल्या जिल्ह्यांत पाऊस सरासरीनें वर्षास ६०० ते ७०० मिलिमीटर पडतो, आणि तोहि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ही झाली सरासरी. परंतु बाग सरासरीवर जगत नाहीं, ती वाईट वर्षीं मरते. सन २०१२ सालीं पावसानें ओढ दिली. त्यामुळें २०१३ च्या उन्हाळ्यांत जिल्ह्यांतील अनेक गांवें टँकरच्या पाण्यावर होतीं आणि वर्षानुवर्षें पोसलेल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्यानें कित्येक शेतकऱ्यांना त्या तोडाव्या लागल्या. अशा वर्षीं पिण्याची घागर देखील मोजून भरावी लागते. मग फुलझाडांस पाणी घालणें हा हौशीचा प्रश्न राहत नाहीं. तो घरांतील बाईच्या डोक्यावरील आणखी एका हंड्याचा प्रश्न होतो. म्हणून जी बाग टंचाईच्या वर्षीं घरावर भार होईल ती मुळांतच लावूं नये.

याच जिल्ह्यांतील कडवंची गांवाचें उदाहरण येथें लक्षांत घेण्याजोगें आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनानें तेथें पाणलोटाचीं कामें सुरू झालीं. आधीं माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी व माती अडविली गेली, पुढें शेततळीं झालीं, आणि मग द्राक्षबागा वाढल्या. क्रम लक्षांत घ्यावा: पाणी आधीं, बाग मागाहून. जें तेथें शिवारभर झालें, तेंच आपणांस घराच्या चार भिंतींभोंवतीं करावयाचें आहे.

जमेची बाजू

घरच्या बागेची मुख्य जमा म्हणजे न्हाणीचें पाणी. पांच माणसांच्या घरांत अंघोळीचें, हातपाय धुण्याचें व भाजी-तांदूळ धुतल्याचें मिळून दररोज सुमारें १०० लिटर पाणी सहज बाहेर पडतें. टंचाईंत तें निम्म्यावर येतें, म्हणजे ५० लिटर. बागेचा अंदाज या ५० लिटरांवरच बांधावा. वरचें जें मिळेल तें शिल्लक समजावें.

हें पाणी वापरतांना तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, कपडे धुण्याच्या सोड्याचें व पावडरीचें पहिलें फेसाळ पाणी झाडांस देऊं नये. त्यांतील क्षारांनीं आपली काळी जमीन चोपण होते, म्हणजे ओलींत चिकट व वाळल्यावर दगडासारखी होते. शेवटच्या खळबळीचें पाणी चालतें. दुसरी, मोरीच्या तोंडाशीं दीड हात खोल खड्डा करून त्यांत खालीं दगडगोटे, मधें खडी व वर जाड वाळू भरावी आणि कडेस कर्दळ व अळू लावावा. आपल्या आजीच्या काळीं मोरीच्या पाण्यावर अळू, कर्दळ व एखादी केळ असेच. ती चाल शहाणपणाची होती. तिसरी, हें पाणी सांठवून ठेवूं नये. त्याच दिवशीं मुळाशीं द्यावें, पानांवर शिंपडूं नये, आणि कच्च्या खाण्याच्या भाज्यांस तर मुळींच देऊं नये.

दुसरी जमा छपराच्या पाण्याची. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला तर तो बरोबर एक लिटर भरतो. त्या हिशेबानें ५० चौरस मीटरच्या छपरावर ६०० मिलिमीटर पावसांत ३०,००० लिटर पाणी पडतें; गळती-उडती वजा जातां २४,००० लिटर तरी हातीं यावें. तें सगळें सांठविण्याची टाकी फार महाग पडेल. परंतु ५,००० लिटरांची एक टाकी बांधली तरी मार्च ते मृग या शंभर दिवसांत रोज ५० लिटर मिळतात, म्हणजे वाईट वर्षीं जेवढी तूट आली तेवढीच भरून निघते. टाकीस घट्ट झांकण व तोंडास बारीक जाळी पाहिजेच. नाहींतर पाण्याबरोबर डासहि सांठतील. टाकी भरल्यावर वाहणारें पाणी नालीस न सोडतां झाडांच्या ओळीकडे किंवा विहिरीजवळील शोषखड्ड्याकडे वळवावें.

खर्चाची बाजू

आतां खर्च पाहूं. हिरवळ, जिला शहरांत लॉन म्हणतात, ती आपल्याकडे पाण्याची सर्वांत मोठी उधळपट्टी आहे. मे महिन्याच्या उन्हांत व वाऱ्यांत ती दररोज सुमारें सात मिलिमीटर पाणी पिते. म्हणजे केवळ १० चौरस मीटर, एखाद्या खोलीएवढ्या, हिरवळीस रोजचे ७० लिटर लागतात. आपली संपूर्ण जमा तीवर संपून वर तूट येते. कुंड्यांचेंहि तसेंच. उन्हाळ्यांत एका मध्यम कुंडीस रोज दीड लिटर धरलें तर तीस कुंड्यांस ४५ लिटर जातात, आणि दोन दिवस परगांवीं जाण्याचीहि सोय राहत नाहीं. मोसंबीच्या पूर्ण वाढलेल्या एका झाडास उन्हाळ्यांत दररोज शंभर लिटरांच्या आसपास पाणी लागतें. म्हणून तें शेतांतच शोभतें, परसांत नव्हे.

याउलट पुढील बाग पाहावी. झाडें तीन वर्षांचीं होऊन मुळें खोल गेल्यावरचा हा रोजचा सरासरी खर्च आहे:—

लिंब, पांढरा चाफा व सीताफळ, प्रत्येकीं एक: कांहीं नाहीं.
पारिजातक, बोगनवेल व दोन कण्हेरी, प्रत्येकीं दहा दिवसांनीं २० लिटर: ८ लिटर.
शेवगा व कढीपत्ता, प्रत्येकीं आठ दिवसांनीं २० लिटर: ५ लिटर.
मोगऱ्याचीं चार झाडें, एक दिवसाआड प्रत्येकीं ४ लिटर: ८ लिटर.
दोन जास्वंदी एक दिवसाआड प्रत्येकीं ४ लिटर, व तुळस रोज १ लिटर: ५ लिटर.
कागदी लिंबाचें एक मध्यम झाड: २० लिटर.

एकूण ४६ लिटर. जमा ५०. उरलेले चार लिटर पांखरांच्या परळांत घालावेत. कागदी लिंबू सोडून दिलें तर खर्च २६ लिटरांवर येतो. ज्यांच्याकडे पाण्याची ओढ अधिक, त्यांनीं तेंच करावें.

पहिलीं दोन-तीन वर्षें मात्र प्रत्येक रोपास नियमित पाणी पाहिजे. त्यासाठीं एकाच वर्षीं सगळी बाग लावूं नये. दरवर्षीं पांच-सहा रोपें लावावींत, म्हणजे जमेपेक्षां खर्च होत नाहीं. रोपाजवळ मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरून त्यांत पाणी भरावें व वर झांकण ठेवावें. मडक्यांतून पाणी हळूहळू पाझरतें व थेट मुळांस मिळतें. तीन-चार दिवस पाहावें लागत नाहीं.

माती व आच्छादन

आपली काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. भेगांतून ओल उडते व कोंवळीं मुळें तुटतात. यावर उपाय आच्छादनाचा. सोयाबीनचें कुटार, उसाचें पाचट, वाळलेला पाला, जें घरचें मिळेल तें बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडून चार बोटें जाड पसरावें. त्यामुळें ओल टिकते, तण उगवत नाहीं आणि खुरपणीचा त्रास जातो. वाळवी दिसल्यास आच्छादन हलवून विरळ करावें. खोल काळ्या जमिनींत पावसाळ्यांत पाणी सांचून मुळें कुजतात. तेथें झाडें थोड्या उंचवट्यावर लावावींत. चुनखडीच्या जमिनींत मोगरा, गुलाब, लिंबू यांचीं कोंवळीं पानें पिवळीं पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा पाण्याचा तुटवडा नसून लोह न मिळाल्याची खूण आहे. तेथें अधिक पाणी घातल्यानें उलट बिघडतें. शेणखत भरपूर घालावें व अशा जागीं तीं झाडें शक्यतों टाळावींत.

मांडणी व शोभा

कित्येकांचा असा समज आहे कीं, झाडांच्या जाती जितक्या अधिक तितकी बाग सुंदर. प्रत्यक्षांत पुष्कळ जातींची गर्दी म्हणजे आठवडी बाजार. थोड्याच जाती घ्याव्यात, त्या पुन्हां पुन्हां लावाव्यात. उंच मागें व ठेंगणें पुढें ठेवावें.

लिंबाचें झाड घराच्या पश्चिमेस लावावें, म्हणजे दुपारनंतरचें ऊन भिंतीवर येत नाहीं. भिंतीपासून तें पंधरा फूट तरी दूर असावें. काळ्या जमिनींत मोठ्या झाडाच्या मुळांनीं ओल शोषली कीं जमीन आकसून पायास धोका पोंचतो. पूर्वेची बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे थंडींत कोंवळें ऊन अंगणांत येतें. शेवग्याचें लांकूड ठिसूळ असून पावसाळ्यांत त्यावर सुरवंट पडतात. तो कुंपणाकडे लावावा व शेंगा संपल्यावर दरवर्षीं कमरेएवढा छाटावा. कुंपणास मेंदी किंवा निरगुडी उत्तम. शेळ्या तिला सहसा तोंड लावीत नाहींत. कण्हेर शोभिवंत खरी, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मुलें व जनावरें जेथें पोंचतात तेथें ती नको. चालण्याच्या वाटेवर मुरूम किंवा शहाबादी फरशी घालावी. उरलेली जागा झाडून स्वच्छ ठेवलेलें अंगण म्हणून राहूं द्यावी. मोकळें अंगण हाहि बागेचाच भाग आहे, आणि त्यास पाणी लागत नाहीं.

प्रत्येक ऋतूंत एक तरी झाड फुललेलें असावें. चैत्र-वैशाखांत मोगरा, चाफा व बोगनवेल. पाण्याच्या ताणावर बोगनवेल अधिकच फुलते. पहिल्या पावसाबरोबर गुलबक्षी व पावसाळी लिली आपोआप जमिनींतून वर येतात, कारण त्यांचे कंद उन्हाळा मातीखालीं काढतात. भाद्रपद-आश्विनांत पारिजातकाचा सडा, दसऱ्यास घरचा झेंडू. आणि सदाफुली तर नांवाप्रमाणें बारमास. पाडव्यास लागणारा लिंबाचा फुलोरा दारांतच मिळतो, हें वेगळेंच.

वर्षाचें काम

वैशाखांत खड्डे खणून उन्हांत तापूं द्यावेत. मृग-आर्द्रांत, दोन चांगले पाऊस झाल्यावर, रोपें लावावींत. दिवाळीच्या सुमारास जमिनींत ओल असतांनाच आच्छादन घालावें. ओल उडाल्यावर घातलेलें आच्छादन म्हणजे रिकाम्या पेटीस कुलूप. मार्गशीर्षांत मोगऱ्याचें पाणी तोडावें, पौषांत छाटणी करून शेणखत घालावें व पुन्हां पाणी सुरू करावें. फाल्गुनांत लिंबाची पानगळ होते. ती जाळूं नये, आळ्यांत पसरावी. याखेरीज आठवड्यास तासभर लक्ष दिलें म्हणजे पुरे.

सारांश, बाग लावण्यापूर्वीं वाचकांनीं एक कागद घ्यावा, त्यावर मधोमध रेघ ओढावी, आणि एका बाजूस आपल्या घरांतून मे महिन्यांत बाहेर पडणारें पाणी, दुसऱ्या बाजूस लावावयाचीं झाडें लिहावींत. जेथें बेरीज जुळेल तेथें थांबावें. नर्सरींतील रोपें पाहून हात पुढें होईल. तरी कागदाचें ऐकावें. या रीतीनें लावलेली बाग लहान दिसेल, परंतु टंचाईच्या वर्षीं देखील ती हिरवी राहील, आणि तिच्यासाठीं घरांतील कोणासहि एक हंडासुद्धां अधिक वाहावा लागणार नाहीं.