अठरा वर्षांनंतरचे पालकत्व
अपत्य १८ वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपुष्टात येते, ही गोष्ट, ज्यांच्या मुलाला आपला व्यवहार एकट्याने पाहणे अवघड आहे अशा कित्येक मातापित्यांना, बँकेचे वा वारसाहक्काचे काम अडल्यावरच उमगते, हे फार क्लेशकारक आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने अठरा वर्षांनंतरही कायदेशीर पालक नेमण्याची तजवीज केली आहे. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती यांच्या स्थानिक समितीकडे रीतसर अर्ज करावा, आणि तो, माझी कळकळीची विनंती आहे, आपली प्रकृती धड असतानाच करावा. नियुक्त पालकाला सहा महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची यादी व पुढे दरसाल हिशेब सादर करावा लागतो. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमाही मिळतो.